पूर्वेला उजाडतं, तरी कासवाची पिल्लं पश्चिमेलाच कशी जातात?

पुळणवाट

यंदा मार्चमध्ये सहकुटुंब कोकणात, दापोलीजवळच्या अंजर्ल्याला कासवाची पिल्लं बघायला गेलो होतो. सकाळी सातच्या सुमारास हॅचरीतल्या, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या, घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या. खालच्या वाळूत वळवळणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं अलगद काढून दोरीच्या आतल्या मोकळ्या पुळणीवर ठेवली आणि ती समुद्राकडे निघाली. पिल्लं प्रकाशाकडे जातात, रात्री समुद्रावरचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून त्यांना पाणी सापडतं, असं तिथे सांगितलं गेलं. हे याआधी वाचलेलंही होतं.

पण त्या वेळी उजेड होता माझ्या पाठीमागे! आपला समुद्र पश्चिमेला. गावामागच्या डोंगरावर आकाश लख्ख झालेलं, आणि पाण्याच्या बाजूला सगळं करडं, धूसर. प्रकाशाकडेच जायचं, तर पिल्लांनी उलटं फिरून सुरूच्या बनात शिरायला हवं होतं. एकही शिरलं नाही. दोन-तीन पिल्लं आधी जागच्या जागी गोल फिरली, थांबली, डोकं वर केलं आणि मग तीही पाण्याकडेच वळली.

मग त्यांचा नियम नेमका काय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मुलगी नववीत आहे, तिलाही वाचून दाखवणार आहे.

खाडीकाठ

चांगला प्रश्न. मला वाटतं उतार. पुळण पाण्याकडे उतरती असते, पिल्लू बिचारं उताराने खाली जात असेल. शिवाय लाटांचा आवाज आणि खाऱ्या पाण्याचा वास आहेच.

सुरूबन

आमचं घर किनाऱ्यालगत आहे आणि घरातली दोघं कासवमित्र म्हणून काम करतात, त्यामुळे जे रोज दिसतं ते लिहितो.

उताराचं म्हणाल तर, खाडीकाठ, आपली पुळण काही घसरगुंडीसारखी सरळ उतरत नाही. भरतीच्या रेषेच्या वर बऱ्याच ठिकाणी सपाट पट्टा असतो, कुठे वाळूचा उंचवटा, कुठे मर्यादवेलीचं जाळं. कासवीण अंडी घालते ती भरतीचं पाणी पोचणार नाही अशा वरच्या जागी. तिथून पिल्लाला पहिल्या काही फुटांत चढावही लागू शकतो. माणसाच्या पावलाचा खोल ठसा म्हणजे त्याच्यासाठी खड्डाच. चार सेंटीमीटरची पाठ आणि पंधरा-वीस ग्रॅम वजन. ते खड्ड्यात पडतं, धडपडतं, बाहेर येतं आणि परत तीच दिशा धरतं. उताराने जात असतं तर प्रत्येक खड्ड्यात दिशा चुकली असती.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. सकाळी सातला तुम्ही बघता तो हॅचरीतला कार्यक्रम झाला. जी घरटी आमच्या नजरेतून सुटून जागेवरच राहतात, त्यातली पिल्लं बहुतेक रात्री किंवा पहाटेच्या अंधारात वर येतात. मग सकाळी वाळूवर माग वाचायचा. चांगल्या रात्री एका जागेवरून पंख्यासारखे पसरत गेलेले बारीक माग दिसतात, सगळे पाण्याकडे. वाईट रात्रीचा माग वेगळा असतो. निघतो पाण्याकडे, चार हातांवर वळतो, पुळणीला समांतर लांबच लांब जातो, परत फिरतो, स्वतःचीच रेघ ओलांडतो आणि एखाद्या कुर्लीच्या बिळाशी संपतो. नाहीतर कुत्र्याच्या पावलांशी. असा माग दिसला की आम्ही आधी मान वर करून गावाकडे बघतो, कुठला नवा दिवा लागलाय ते.

प्रकाशाचं शास्त्र मला जेवढं कळतं तेवढं सांगेन, पण इथे जीवशास्त्रवाली ताई आहेत. त्यांनीच लिहावं.

जीवशास्त्रवाली

सुरूबन, मागाचं वर्णन फार मोलाचं आहे. पुळणवाट यांचा प्रश्न मनापासून आवडला, कारण ‘पिल्लं प्रकाशाकडे जातात’ हे अर्धंच उत्तर आहे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते लगेच उघडं पडतं.

आधी खाडीकाठ यांच्या शंका. पिल्लू दिशा डोळ्यांनी ठरवतं हे फार पूर्वीच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. एक डोळा झाकला तर पिल्लू गोल गोल फिरत राहतं, दोन्ही झाकले तर त्याला समुद्र सापडत नाही. वास आणि लाटांचा आवाज तेव्हाही होतेच की, पण नुसते ते पुरले नाहीत. उताराचा परिणाम तपासला गेला आहे. तो क्षीण असतो आणि डोळ्यांना काही दिसत असेल तर मागे पडतो.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू ‘सगळ्यात जास्त उजेड कुठे’ एवढंच बघत नाही. ते बघतं क्षितिजालगतची पट्टी. आडव्या दिशेने त्याला खूप रुंद दिसतं, जवळजवळ डावीकडून उजवीकडे सगळं. पण दिशा ठरवताना उभ्या दिशेने मात्र क्षितिजाच्या जवळपासच्या पट्टीतला उजेड महत्त्वाचा. डोक्यावरचा चंद्र कितीही लख्ख असला तरी पिल्लं त्याच्या मागे जात नाहीत, ती याचमुळे.

त्या पट्टीत दोन गोष्टी असतात. एका बाजूला समुद्र: क्षितिज अगदी खाली, सपाट, मोकळं, आणि त्याला टेकलेलं आकाश. दुसऱ्या बाजूला जमीन: केवड्याची बेटं, सुरू, माड, घरं, मागे डोंगर. ही बाजू उंच आणि काळी. पिल्लू उंच काळ्या आकारांकडे पाठ फिरवतं आणि खालच्या, मोकळ्या, उजळ क्षितिजाकडे जातं. मोकळ्या क्षितिजाचा मुद्दा जी. एच. पार्कर यांनी 1922 मध्येच लॉगरहेड जातीच्या पिल्लांवरून मांडला होता. 1992 मध्ये मायकेल सॅमन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडात लॉगरहेड आणि हिरव्या कासवाच्या पिल्लांवर प्रयोग करून उजेड, काळे आकार आणि उतार वेगवेगळे तपासले. त्यात क्षितिजाची उंची आणि काळे आकार यांचं वजन मोठं निघालं.

म्हणजे तुमची सकाळ अशी. पूर्वेचं आकाश लख्ख होतं, मान्य. पण ते तुम्हाला लख्ख होतं, तुमचे डोळे वाळूपासून पाच फुटांवर आहेत. पिल्लाचा डोळा वाळूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर. तिथून बघितलं तर सुरूची रांग आभाळात बरीच वर चढलेली दिसते आणि उजेड त्या रांगेच्याही वर असतो. पिल्लू ज्या पट्टीत बघतं तिथे पूर्वेकडे काळी भिंतच. पश्चिमेला करडं का होईना, पण थेट पाण्याला टेकलेलं आकाश.

जी पिल्लं गोल फिरून, डोकं वर करून थांबली, ती हेच करत होती. चहूकडची पट्टी बघून घेणं.

पुळणवाट

जीवशास्त्रवाली ताई, सुरूबन, मनःपूर्वक आभार. आता लक्षात आलं. म्हणजे गावाच्या बाजूची झाडं पिल्लांना समुद्राइतकीच उपयोगी पडतात! सुरूचं बन किंवा केवडा तोडून तिथे सपाट मोकळं केलं, तर दिवा न लावताही फरक पडेल का?

जीवशास्त्रवाली

पडेल. मागची झाडोऱ्याची भिंत जितकी उंच आणि सलग, तितकी पिल्लाची निवड सोपी. भिंतीला खिंडार पाडलं आणि त्यातून गावातले दिवे दिसू लागले, तर दोन नुकसानं एकदम. म्हणून केवडा, मर्यादवेल, वाळूचे उंचवटे हे सगळं जिथल्या तिथे राहू द्यावं असं मी कळकळीने म्हणेन. केवड्याची बेटं साफ करून ‘सी व्ह्यू’ मोकळा करायची टूम सगळीकडे निघाली आहे, ती पाहून फार वाईट वाटतं.

मचवा

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. पाण्यात उतरल्यावर काय, हा माझा प्रश्न आहे. लाटेत शिरलं की ना सुरू दिसत, ना क्षितिज. बोटीवरून रात्री बघितलंय, लाटेच्या खळग्यात असताना आपल्यालाच किनारा दिसत नाही, तर त्या एवढ्याशा जिवाला काय दिसणार. तरी ती सरळ बाहेर जातात.

जीवशास्त्रवाली

मचवा, तुम्ही अचूक जागी बोट ठेवलंत. पाण्यात शिरताच पिल्लू पहिला नियम सोडून दुसरा धरतं: लाटेच्या तोंडावर पोहायचं.

तुम्हाला हे सांगायला नको की खोल समुद्रात लाट कुठूनही येवो, उथळ पाण्यात शिरली की ती वळते आणि किनाऱ्याला साधारण समांतर होऊन फुटते. म्हणजे किनाऱ्याजवळ लाटेच्या समोर पोहणं म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाणं. यासाठी काही दिसायची गरज नाही. अमावास्येच्या रात्रीही चालतं.

पण न बघता लाट कुठून येतेय हे कसं कळतं? पाण्यातला जीव लाटेबरोबर नुसता वरखाली होत नाही, तो एका गोल फेऱ्यात फिरतो: वर, मागे, खाली, पुढे. लाट समोरून येत असेल तर या हालचालींचा क्रम एक, पाठीमागून येत असेल तर नेमका उलटा. 1995 मध्ये केनेथ लोहमन आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना पाण्याबाहेर, हवेत टांगून एका यंत्राने असेच फेरे दिले. हवेत लटकलेलं पिल्लू पोहण्याचे हातवारे करत होतं आणि यंत्राचा फेरा ज्या दिशेच्या लाटेसारखा, त्या दिशेला वळायचा प्रयत्न करत होतं. पाण्याचा थेंब नाही, लाट नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गात मुलांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मचवा

खरं आहे. आम्हीही डोळे मिटून सांगू शकतो होडी लाटेला तोंड देऊन आहे की आडवी. अंगालाच कळतं. पण बाहेर, खोलात, लाटा वाऱ्याने फिरतात. तिथे हे चालायचं नाही.

जीवशास्त्रवाली

बरोबर, आणि तोवर तिसरी सोय तयार झालेली असते: पृथ्वीचं चुंबकक्षेत्र. लोहमन यांनी 1991 मध्ये लॉगरहेडची पिल्लं अंधारात, गोल टाकीत पोहायला सोडली. टाकीभोवती तारांची वेटोळी होती. त्यातून वीज सोडून चुंबकक्षेत्राची दिशा उलटी केली, तर पिल्लांची पोहण्याची दिशाही उलटली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 1994 चा पुढचा प्रयोग. काही पिल्लांना सुरुवातीला पूर्वेला उजेड दाखवला, काहींना पश्चिमेला. मग दिवा घालवला. पूर्ण अंधारात पहिली पूर्वेकडे पोहत राहिली, दुसरी पश्चिमेकडे. म्हणजे कुठल्या दिशेला जायचं हे जन्मतः कोरलेलं नव्हतं. सुरुवातीला दिसलेल्या उजेडाने जी दिशा दाखवली, ती चुंबकाच्या आधारे धरून ठेवली गेली.

आपल्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो बघा. फ्लोरिडाच्या पिल्लाला पूर्वेला जायचंय, कोकणातल्या पिल्लाला पश्चिमेला, आणि पुळण, क्षितिज, लाट हे सगळं मिळून त्याला ती दिशा शिकवतं. म्हणून पिल्लांना उचलून थेट पाण्यात सोडू नये, त्यांना स्वतःच्या पायांनी चालू द्यावं, असा आग्रह असतो. ते काही फूट चालणं ही शिकवणी आहे.

खाडीकाठ

हे फार छान कळलं. म्हणजे बादलीत घालून होडीतून खोल पाण्यात नेऊन सोडणं हा उपकार नाही तर. आमच्याकडे एकदा असं सुचवलं गेलं होतं, कुत्र्यांपासून वाचतील म्हणून. हेतू चांगलाच होता.

सुरूबन

हेतू चांगला असतो, पण बादलीत आणखी एक तोटा आहे. बाहेर आल्यावर पहिला साधारण दिवसभर पिल्लू थांबता थांबत नाही, सतत हातपाय मारतं. पोटात अंड्यातला शिल्लक बलक असतो, त्यावर ते किनाऱ्याजवळच्या धोक्याच्या पाण्यातून बाहेर निघून जातं. तासन्तास बादलीत ठेवलं की ती ताकद तिथल्या तिथे संपते.

हॅचरीबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना वाटतं आम्ही अंडी उबवतो. तसं नाही. कासवीण साधारण दीड फूट खोल खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते. कोल्हे, कुत्री, रानडुकरं घरटं उकरतात, पूर्वी माणसंही अंडी नेत. म्हणून घातल्यावर काही तासांच्या आत अंडी काढून कुंपणाच्या आत तशाच मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. उशीर केला तर आतला जीव कवचाला चिकटलेला असतो, तेव्हा अंडं फिरलं की तो मरतो. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच ऊब देते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. कोकणात हे काम 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने नाना फडणवीसांच्या वेळास गावात सुरू केलं, पुढे वनखातं आणि त्यांचा कांदळवन (खारफुटी) कक्ष यांच्या साथीने किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत पसरलं.

पिल्लं अंड्यातून सुटली तरी लगेच वर येत नाहीत, दोन-तीन दिवस लागतात. सगळी मिळून हालचाल करतात, वरची वाळू सुटून त्यांच्या खाली जाते आणि पूर्ण घोळका लिफ्टसारखा वर सरकतो. वरचा थर तापलेला असेल तर वरची पिल्लं निपचित राहतात आणि त्यांच्या खालचीही थांबतात. वाळू निवली की मग बाहेर. म्हणून रात्र. त्यांचा सगळा हिशोब अंधाराचा आहे, आणि आपण नेमका तिथेच दिवा लावतो.

पुळणवाट

>>म्हणून रात्र<<

मग पिल्लं सोडताना बघायला कासव महोत्सवाला जमणाऱ्या गर्दीचं काय? आम्ही सगळे दोरीबाहेर होतो, पण काही मंडळी पुढे जाऊन पाण्याच्या बाजूने फोटो काढत होती.

सुरूबन

ते अजिबात करू नये. वर ताईंनी लिहिलंय ते आठवा: उंच काळा आकार म्हणजे जमीन. पाण्याच्या बाजूला माणसांची रांग उभी राहिली की पिल्लाचं खालचं मोकळं क्षितिजच झाकलं जातं. संध्याकाळच्या वेळी त्यात मोबाईलचा फ्लॅश चमकला तर तो नेमका पिल्लाच्या उंचीवर. उभं राहायचं ते मागे किंवा दोन्ही बाजूंना दोरीबाहेर, आणि दिवा पूर्ण बंद. हात लावायचा नाही. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे आम्ही प्रत्येक वेळी सांगतो.

मर्यादवेल

धागा वाचनखुणेत साठवला. एक भर घालते. इथून गेलेली मोठी होऊन कुठे फिरतात याचाही थोडा माग लागला आहे. 2022 मध्ये आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले: प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. 2023 मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 मध्ये ओडिशात ओळखपट्टी (टॅग) लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी असं आपण धरून चालायचो. ती बातमी वाचून मी दिवसभर आनंदात होते.

माजघर

मी किनाऱ्यालगत छोटं होमस्टे चालवते. हा धागा वाचून काळजी वाटायला लागली. अंगणात दोन पांढरे एलईडी आहेत, गेटवर एक, आणि गच्चीवर फ्लडलाइट. शेजारच्या एका हॉटेलने तर पुळणीकडे तोंड करून दिव्यांची माळच लावली आहे. पाहुण्यांना अंधार नको असतो, बायकामुलं असतात, विंचू-सापाचीही भीती. सगळं बंद करणं जमणार नाही. मग काय करावं? पिवळा बल्ब चालेल का?

जीवशास्त्रवाली

माजघर ताई, विचारलंत हेच खूप आहे. पिल्लांना निळा, जांभळा, हिरवा प्रकाश जास्त ओढून घेतो, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो. लांब तरंगलांबीचा, म्हणजे 560 नॅनोमीटरच्या पुढचा पिवळट-केशरी किंवा लाल प्रकाश त्यांना कमी भुलवतो. बाजारातला ‘वॉर्म व्हाइट’ घेऊ नका, तो आपल्याला पिवळसर दिसला तरी त्यात निळा असतो. अस्सल अंबर किंवा लाल एलईडी मागा. आणि रंगाआधी जागा बघा: दिवा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेला. पाहुण्यांना पायाखालची वाट दिसली म्हणजे झालं. समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे. गच्चीवरचा फ्लडलाइट मात्र पिल्लं निघण्याच्या काळात नकोच. अमावास्येच्या आसपास विशेष जपा. चांदणं असलं की वातावरणातच उजेड असतो, दिव्याचा परिणाम थोडा विरतो. काळोख्या रात्री एकच दिवा पुरतो.

सुरूबन

फेब्रुवारी ते मेपर्यंत तरी हे पाळा. कासविणी नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि उजेड बघून त्याही माघारी फिरतात, तेव्हा नोव्हेंबरपासूनच केलंत तर उत्तम. रात्री पिल्लू रस्त्यावर किंवा अंगणात सापडलं तर स्वतः समुद्रात नेऊन टाकू नका. आमच्यापैकी कोणाला हाक मारा किंवा वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

शेजारच्या हॉटेलवाल्यांशी भांडण नको. तुमचे दिवे आधी बदला, मग त्यांना रात्री घेऊन या, आम्हीही येतो. आणि कुठला दिवा बदलायचा हे घरात बसून ठरवू नका. काळोख पडल्यावर भरतीच्या रेषेजवळ जा, वाळूवर पालथं पडून हनुवटी टेकवा आणि घराकडे बघा. तिथून जो बल्ब थेट डोळ्यांत येतो तो झाकायचा. बल्ब दिसत नाही पण भिंत उजळलेली दिसते, तोही.

माजघर

आज रात्री यजमानांना घेऊन जाते. गेटवरचा दिवा केवड्याच्या आड जातो असं वाटतंय, गच्चीवरचा नक्की दिसणार. तो आजच काढायला सांगते. अंबर दिवे दापोलीत कुठे मिळतात हे कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा, शेजाऱ्यांसाठीही एकदमच मागवेन.